वैशालीच्या मुठीतल्या अक्षता

तुम्ही चहा घ्या, मी सांगतो. वैशाली माह्याजवळ फोटोग्राफी शिकून राह्यली ना, तिले अल्लीपूरच्या लग्नात पयल्यांदा मोठं काम देल्लं. म्हटलं, "अंतरपाट सुटते तो क्षण तुहा. तो परत येत नाई."

गोरज मुहूर्त होता. मांडवात पिवळं ऊन उतरलं होतं. अंतरपाट सुटला, अक्षता उडाल्या, अन् उन्हात चमकत हळूहळू खाली येत राह्यल्या, जशा काही त्यायले घाईच नाई. पाह्यतो तं वैशालीचा कॅमेरा गळ्यात, अन् पोरगी दोन्ही हातांनी अक्षता टाकून राह्यली! तिच्याकडं पाहता पाहताच मी माह्या कॅमेऱ्याचं बटन दाबलं.

"काऊन वं, फोटो?"

"सर, कोनीतरी हातात अक्षता देल्ल्या. मंग मले भानच नाई राह्यलं."

त्या क्षणाचा माह्याजवळ तेवढाच एक फोटो. नवरा-नवरी पुसट, मांगं वैशाली एकदम साफ. डोळे मिटलेले, केसात तांदूळ, तोंडभर हसू.

भीत भीत तोच नवरीले दाखवला. तिनं वैशालीच्या हसऱ्या तोंडावर बोट ठेवलं.

"हाच अल्बमच्या पयल्या पानावर लावजा," ती म्हणाली. "मी तं मान खाली घालून होती. माह्या लग्नात एवढं खुश कोनी होतं, हे मले आत्ता दिसलं."