दामूचा राहिलेला अंक

ब्याण्णव सालचं सांगतो. रोह्याचा माझा मित्र दामू मोटारसायकलींची जुनी मासिकं जमवायचा. त्याच्या संचात एकच अंक कमी होता. तो मला आमच्या पेणच्या रद्दीत सापडला, तसा रोह्याला गेलो. दामू जाऊन महिना झाला होता. माझ्यापर्यंत निरोपच आला नव्हता.

वहिनी म्हणाल्या, "पुस्तकं पेणला मूर्तीच्या कारखान्यात दिली, भावोजी. लगदा करून गणपती बनवतात ना. रद्दीत घालवायला मन होय नाय."

मी अंक पुढे केला. "हा राहिला होता त्याचा."

त्यांनी तो चाळला आणि परत दिला.

"पेणलाच जाताय ना? मग ह्योपण तिथंच द्या. एकटा कशाला ठेवता?"

कारखान्यात मीच त्याची पानं सुटी करून पाण्यात भिजत घातली.