मक्यातला रेडिओ

धुळ्याच्या एका दुकानात मोहिनी मोबाइलला काच बसवून घ्यायला थांबली होती. शेजारी दोंडाईच्याकडचे झुलाल आबा बटणांचा साधा फोन हातात धरून विक्रेत्या हेमराजच्या खनपटीला बसले होते.

"भाऊ, या फोनमधला रेडिओ रातभर वाजी का?"

"आबा, कॅमेरा मस्त आहे याचा."

"कॅमेरा राहू दे. आवाज मोठा शे का?"

"असेल की. सगळ्यांचाच असतो."

"वायर लावाशिवाय वाजस का?"

"वायर? थांबा, खोक्यावर बघतो... इथं तर काहीच नाही. पण आबा, रात्रभर ऐकणार कोण?"

"डुकरं."

मोहिनीनं वळून पाहिलं. हेमराजनं खोकं पुन्हा एकदा उलटंपालटं केलं.

"मक्यामा टांगी ठेवस. माणूस बोली ऱ्हायना असं वाटनं, की डुकरं येतस नही."

"मग न्या ना हाच, बिनधास्त!"

"मागला साल बी तू असंच बोलना व्हता. घर जाईसन दखं, त वायर कानमा घालाशिवाय आवाजच ये ना. आते तूच सांग, ती वायर डुकरना कानमा कोन घाली?"