घरी समजावा

काशीमीऱ्याच्या बसथांब्यावर रांगेत माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या.

"हेमांगी, शाळेत कशाला बोलावलेलं गं?"

"आमच्या निकेतने अयानला बाकावरून ढकललं, ताई. तुम्ही लोकांनी मागे बसायचं, म्हणाला."

"अयान म्हणजे तुमच्या शेजारच्या नसरीनचा? अगं, तू कामावर जायचीस तेव्हा तिनेच सांभाळलं ना निकेतला?"

"हो. तिच्याच हातचं जेवून मोठा झाला."

"मग हे कोणी भरवलं त्याच्या डोक्यात?"

"मैदानावर संध्याकाळी काठी शिकवायला येतात, त्यांनी. मीच पाठवत होते. मोबाईल तरी सुटेल म्हटलं."

"बंद कर ते आधी."

"केलं. टीचर म्हणाल्या, घरी पण समजावा. काल जवळ बसवून सांगितलं त्याला, माणसं सगळी सारखीच असतात."

"मग काय म्हणाला?"

"उठला, मोरीच्या खिडकीतला कप आणला आणि माझ्यापुढे ठेवला."

"कसला कप?"

"नसरीनभाभी आली की मी तिला चहा त्यातच देते. आमच्या घरात त्यातून दुसरं कोणी पीत नाही."