मार्तंड सरांची लाल जीप

…अन् वर तो गॅरेजवाला म्हणतो कसा, "सर, भरोसा ठेवा!" भरोसा? मार्तंड सरांना? तुम्हाला सांगतो, भूकंप होऊन आठ वर्षं झाली होती, तरी हा माणूस स्लॅबखाली बसायच्या आधी भिंतीवर टकटक करून बघायचा! लातुरात एकेक क्लास तीन-तीन मजले चढून राहिला, अन् सरांचा फिजिक्सचा क्लास मात्र पत्र्याखाली. का? तर पत्रा डोक्यात पडला तरी टेंगळावर भागतं!

अशा माणसानं लिलावातली जुनी जीप घेतली. हौस हो, दुसरं काय! गॅरेजवाल्या नागप्पाकडून तिला दुसऱ्या गाडीचं दणकट इंजिन बसवलं, रुंद टायर, पुढं नवे डिस्क ब्रेक, वरून लालभडक रंग… लेक मुग्धा विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला लागली होती, तिला या जीपमधून थाटात सोडायचं. मग सर वाकून चाकाच्या आत बघतात, तर ब्रेकची रबरी नळी स्टेअरिंगच्या दांड्याला अगदी खेटून! घासली, फुटली, तेल गेलं, ब्रेक गेला… आत लेक बसलेली!

"नागप्पा, चाक पुरतं वळवून बघितलं का?"

"बघितलं की सर! डावं बी, उजवं बी."

सरांनी खिशातून खडू काढला. दांड्याला खडू फासला, जीप जॅकवर, चाक इकडून तिकडं वळवलं… नळी टिकलीएवढीसुद्धा पांढरी न्हाई! नागप्पा हसला. "आता तरी पटलं का?" पटेल कसं? अहो, हसला म्हणूनच जास्त संशय आला! हा माणूस हसतो का? काय लपवून राहिलाय?

अन् घरी जेवताना भाताचा घास तोंडाशी तसाच थांबला. अरे, जॅकवर चाक खाली लोंबतं, नळी ताणली जाते! माणसं बसल्यावर जीप खाली दबणार, नळी सैल पडून बाहेर फुगणार… वजन घालून कुणी बघितलं?

दुसऱ्या दिवशी सर वजन घेऊनच हजर! वजन म्हणजे बायको विमल, मुग्धा, अन् मुखेडहून आलेल्या सासूबाई तुळजाबाई. तुळजाबाई चढल्या अन् जीपनं मान खाली घातली. "जावईबापू, जायचं कुठं?" "कुठंच न्हाई, नुसतं बसा!" पुन्हा खडू, पुन्हा चाक पुरतं वळवून… अन् नळीवर पांढरा पट्टा! हा एवढा, बोटभर!

नागप्पाचा चेहरा पडला. "चुकलं सर," म्हणाला बिचारा. नळीचं वरचं टोक त्यानं चासीवर चार बोटं वर घेतलं, पट्टी मारून नळी दांड्यापासून लांब धरली. मग जॅकवर बघितलं, वजन घालून बघितलं, डावीकडं, उजवीकडं. तुळजाबाई सात वेळा चढल्या अन् उतरल्या. खडूचा कण न्हाई! आठ वर्षांत पहिल्यांदा सर मनापासून हसले. "चला, बसा! आता डोळे झाकून बसा!"

कोण बसतंय? दिवसभर "फुटली तर, गेला तर" हेच कानावर पडलेलं! विमलताई म्हणाल्या, "अहो, जीप चांगलीच असंल. पण आम्ही आपलं एसटीनं जातो." मुग्धासुद्धा आईच्या मागं!

मग काय… पुढं एसटी, मागं लाल जीप, जीपमध्ये सर एकटे. एसटी हळू तर सर हळू, एसटी थांबली तर सर थांबले. अहमदपूर गेलं, लोहा आलं. स्टँडवर कंडक्टर खाली उतरला अन् तडक जीपपाशी. "ओ साहेब, लातूरपासून मागं लागलात. काय इरादा हाय?"

"बायको अन् लेक हाय आत," सर म्हणाले.

"अन् जीप कुणाची?"

"आमचीच."

कंडक्टरनं जीप वरून खाली बघितली, सरांना खालून वर बघितलं, अन् म्हणाला, "मग बरोबर हाय त्यांचं."

अन् एसटीत चढून घंटी मारली हो त्यानं!