सूनबाईचा हार

वेलिंग्टनच्या नगरपालिकेच्या कचेरीत बाळाला मांडीवर थोपटत सिद्धी आपल्या नंबराची वाट पाहत होती. पाठीमागच्या बाकावरून मराठी ऐकू आलं आणि तिचा हात मंदावला.

"अहो, हार नीट धरा. पाकळ्या गळतायत."

"इथल्या साहेबांना हार घालतात का, सुरेखा?"

"दाखवायला आणलाय. हवाईच्या नाचात असाच गळ्यात घालतात म्हणून. सूनबाईनंच शिकवला ना ओवायला."

"आणि ती गेल्यावर आपण तो तिच्या फोटोला घालायला निघालो."

"मालिया कशी अंगावर धावली. नो आजी, दॅट्स फॉर डान्सिंग."

"वर्ष झालं, फोटो तसाच बिनहाराचा आहे."

"राहू दे. हवाईच्या उत्सवाला इथून पैसे मिळू देत. आईचा नाच पोरीला आईच्या माणसांकडून बघू दे."

त्यांना आत बोलावलं. बाळानं कूसही बदलली नव्हती, तोवर दोघं परत आली.

"काय म्हणाली हो ती बाई? भरभर बोलत होती."

"हवाईची घरं इथे जेमतेम पाच. तेवढ्यांसाठी वेगळ्या उत्सवाला पैसे नाहीत. पॅसिफिकच्या मोठ्या मेळ्यात दहा मिनिटं मागा म्हणाली."

"मग मागू की."

"नाचणारे ऑकलंडहून यायचे. दहा मिनिटांसाठी कोण येतंय?"

"मालिया शाळेतून आल्या आल्या विचारेल."

"तिला काय सांगायचं?"

"नीलला सांगू दे. बाप आहे तिचा."

"तो कुठे बोलतो हल्ली."

"द्या तो हार इकडे."

"काय करतेस त्याचं?"

"घरी नेते. ती शाळेतून यायच्या आत फोटोला घालू."