अक्षीच्या तळघरातला बिबट्या

…आन् मेले की हो! परत मेले! कशानं म्हणाल? बेडकानं! उभा जन्म ऊस खुरपला, फुरसं ठेचलं, सासूला पुरून उरले, आन् मेले कशानं, तर एका टिचभर बेडकानं! हसताय काय? बसा की जरा माझ्या जागेवर, मंग कळंल. तुमाला सांगते, त्या खेळात दया न्हाई, माया न्हाई… मेलं की मेलं, परत पहिल्या मजल्यापासून!

खेळ म्हंजे काय, तर तळघर. जमिनीच्या पोटात मजल्याखाली मजला, सगळा अंधार, आन् पार तळाला एक रत्न, ते वर आणायचं. चित्रं? कसली चित्रं! काळी पाटी आन् तिच्यावर इंग्रजी अक्षरं. ईमेलच्या पत्त्यात शेपटी गुंडाळून बसलेला 'ए' असतो ना, ती मी. 'डी' म्हंजे माझं कुत्रं, मागं मागं येतं. बाकी ए टू झेड सगळे मला खायला टपलेले! इंग्रजी कुठं शिकले म्हणता? शाळेनं मला बघितलं न्हाई आन् मी शाळेला न्हाई. खताच्या गोण्या वाचल्या, ट्रकच्या पाट्या वाचल्या, झाले शिकून. कुणाची मिंधी न्हाई!

हे झेंगट लावलं माझ्या नातीनं, अक्षदानं. संपतची, माझ्या लेकाची थोरली. पुण्याला कंपनीत व्हती, कम्प्युटरवर. एक दिस बॅग घिऊन आली, खोलीत गेली, दार लावलं. कंपनीनं माणसं कमी केली, त्यात ही. आता नोकरी हाय, जाती, येती, त्यात काय एवढं? पण न्हाई! 'आजी, गावात कुणाला सांगायचं न्हाई.' झालं! संपत सगळ्या महाळुंग्यात सांगत सुटला, 'अक्षी घरनं काम करतीय, लई लोड हाय तिला.' लोड कसला डोंबलाचा! पोरगी दिवसभर त्या तळघरात. ताट दाराशी ठेवायचं, अर्धं तसंच परत यायचं. माझी सून जया दाराला कान लावून रडती, संपत अंगणात येरझाऱ्या घालतोय, आन् पोरगी दोन महिने उंबऱ्याबाहेर न्हाई. गालाची हाडं वर आली हो तिच्या…

मंग घुसलेच मी आत. 'सरक.' तर म्हणती कशी, 'आजी, तुला न्हाई कळायचं हे.' मला? न्हाई कळायचं? बसले तिथंच मांडी ठोकून!

पहिल्या दिशी किती येळा मेले विचारू नका. खड्ड्यात पडून मेले, नको त्या हौदाचं पाणी पिऊन मेले, तळघरात एक दुकानदार असतो, त्याच्याशी घासाघीस करता करता मेले! आन् मेलं की मेलं, परत पहिल्या मजल्यापासून! पोरगी काय बोलंना. मी आपली भिंतीवर डोकं आपटतीय, आपटतीय… शेवटी हळूच म्हणाली, 'डावीकडं.' बाहेर आले तर जया दाराशीच. 'काय म्हणाली हो आत्याबाई? काय म्हणाली?' 'डावीकडं म्हणाली.' त्या एका शब्दावर त्या बाईनं शिरा केला!

पण आमचं वाजायचं कुत्र्यावरनं. जिना उतरताना ते शेजारी पायजे, न्हाईतर वरच राहतं एकटं. अक्षी म्हणायची, 'सोड त्याला, जा खाली.' सोड? आपल्या मागं आलेलं जनावर असं अंधारात सोडून जायचं? मी जिन्याच्या तोंडाशी उभी, 'यू यू' करतीय, आन् ते तिकडं कुठंतरी हाडूक चघळतंय. 'आजी, ते नुसतं अक्षर हाय!' 'असू दे. माझ्या मागं आलंय.' 'तुझा खाऊ संपलाय, भुकेनं मरशील.' 'मरंन.' मेले! पण मी म्हणलं, 'अक्षे, मरताना ते शेजारी आलं व्हतं, बघितलंस का?' त्या दिशी ताट चाटूनपुसून परत आलं.

आन् मंग ती संध्याकाळ! दिवेलागण झालेली. आमच्याकडं ऊस उभा असला की दिवेलागणीला दारं बंद, शेरडं आत, पोरं आत… बिबट्या! तर मी तिसऱ्या मजल्यावर, मांडीवर जेवणाचं ताट, आन् अंधारातनं आलं एक अक्षर. 'एफ.' 'हे कोण गं?' 'मांजराच्या जातीतलं.' 'केवढं मांजर?' 'तू आन् कुत्रं, दोघं पुरणार न्हाई एवढं.' 'मंग बिबट्या म्हण की, सटवे!' आता बिबट्या दिसल्यावर काय करायचं, हे आमाला कुणी शिकवाय लागतं? डाव्या हातात ताट, उजव्या हातात तांब्या, धाडधाड, धाडधाड… 'बिबट्या! बिबट्या आला रं! कुत्रं धरतोय!'

झालं! जया किंचाळली. संपत बॅटरी घिऊन पळाला. शेजारच्या सावळेरामनं फटाक्याची माळ लावली. सगळी आळी काठ्या घिऊन आमच्या अंगणात! 'कुठाय? कुठाय, धोंडाकाकू?' आता काय सांगू? 'एफ' म्हणून सांगू?

तर मागनं अक्षी आली. उंबरा ओलांडून! पोट धरून हसतीय, डोळ्यांत पाणी. 'काका, बिबट्या न्हाई, खेळ हाय आजीचा.' तेवढ्यात ठकूबाई पुढं झाली. आमच्या आळीतलं चालतं-बोलतं वर्तमानपत्र! 'अगं बया, अक्षदा! लई काम असतं म्हणं तुला? दिसंनाशीच झालीस!' संपत लागला, 'हां, हां, लोड…' आन् अक्षी म्हणाली, 'काम न्हाई, काकू. नोकरी गेली माझी.'

संपतची बॅटरी जमिनीकडं. जयानं पदर तोंडाला लावलेला. सगळे बघायला लागले एकमेकांकडं… आन् सावळेराम म्हणाला, 'म्हंजे… बिबट्या न्हाई?'

'न्हाई, काका.'

'हात्तिच्या! आन् मी माळ वाया घालवली व्हय!'

ठकूबाई म्हणाली, 'नोकरी तर आमच्या भाच्याची बी गेलीय. जया, चहा टाक बाई, पळून पळून घसा सुकला.' संपलं! दोन महिने चौघं जणं ज्याला भिऊन दारं लावून बसलो व्हतो, ते एका चहात संपलं!

आत आलो तर बिबट्या हाय तिथंच. त्या खेळाचं एक बरंय, आपण पाऊल टाकंस्तवर समोरचा बी हलत न्हाई. 'काय करायचं, आजी?' 'जाऊ की पुढं.' गेलो दोघी मिळून. मेलो! मेलं की मेलं, परत पहिल्या मजल्यापासून! अक्षी म्हणाली, 'भूक लागली,' आन् आपल्या पायानं चुलीपाशी येऊन बसली. जयाच्या भाकऱ्या करपल्या, डोळं पुसण्याच्या नादात.

आता पुण्याला दुसरी कंपनी धरलीय तिनं. कम्प्युटर ठेवून गेली माझ्या गळ्यात. आन् रोज सांजच्याला फोन. 'जेवलीस का' न्हाई, 'गोळी घेतलीस का' न्हाई… 'आजी, आज कशानं मेलीस?' पावणं बसलेलं असतं समोर, ते चहाचा कप तसाच धरून बघत राहतं माझ्याकडं! काल तर म्हणती, 'रविवारी मी येतीय, तोवर एकटीनं मरायचं न्हाई, सांगून ठेवते. मरायचं ते माझ्यासमोर, दोघी मिळून.' आन् ठेवला फोन!

आता बोला. एवढं वय झालं, सगळं माझ्या मनानं केलं, आन् आता रविवारपर्यंत मरायची सोय न्हाई, राव!