मोरीतली डबी

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी बजाबाई आणि तिची शेजारीण सुगराबी बसल्या होत्या.

"मोरी तुंबलीया. उद्या ल्योक पायपात कॅमेरा घालून बगनार हाय, सुगराबी."

"बरंच की. काय अडकलंय ते दिसंल."

"माझी मिश्रीची डबी दिसंल. ल्योक दाराशी आला, म्या भिऊन आत ढकलली."

"मिश्री सोडलीस न्हवं तू?"

"नातवाच्या डोक्यावर हात ठेवून. शपत मोडली तवापास्नं त्याला ताप हाय. आत सुई टोचत्यात त्याला."

"मग खरं सांगून टाक की."

"नातवाला हात लावू देनार न्हाईत मला."

"मंग डबी नवऱ्याची हुती म्हन."

"मालकांना जाऊन लई वर्सं झाली, सुगराबी. मोरी औंदा बांधलीया."